'कर' शोधला, 'कर्ज' सापडलं!

प्रश्न: पायथनमध्ये बातम्यांच्या मजकुरात 'कर' शोधतोय. एकेक अक्षर तपासणारा लूप स्वतःच लिहिलाय. पण तो 'कर्ज'सुद्धा पकडतो. कुठे चुकलं?

लूप बरोबर आहे. तुम्ही अक्षर बघता, तो कोड पॉइंट बघतो, म्हणजे युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक असलेलं एकेक चिन्ह. 'कर्ज' म्हणजे त्याच्या लेखी क, र, हलन्त, ज. रफार दिसतो 'ज'च्या डोक्यावर, पण साठवताना 'र' आधीच आलेला असतो. पहिले दोन जुळले की लूप खूश.

म्हणून जुळणीच्या लगेच पुढचं चिन्ह तपासा. 'युनिकोडडेटा' मॉड्यूलमधल्या 'कॅटेगरी'चं उत्तर 'एम'ने सुरू झालं, तर ती जुळणी सोडा. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळे त्यातच येतात. 'करमणूक' तरीही आत घुसेल, त्यासाठी शब्दाच्या दोन्ही कडा बघाव्या लागतात. उलट 'कराचा', 'करावर' ही तुम्हाला हवी असलेली रूपं गळतील, ती वेगळी शोधा. मराठीत सामान्यरूप असल्यावर हे दुखणं राहणारच.

प्रश्न: मग सरळ रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा नमुना लिहून शोधायची पद्धत) वापरू का?

वापरा, पण जपून. पायथनच्या अंगभूत 'रे' मॉड्यूलमध्ये 'बॅकस्लॅश डब्ल्यू' (शब्दातल्या अक्षरांची खूण) काना-मात्रांना शब्दाचा भाग मानत नाही. 'नमस्ते'चे 'नमस' आणि 'त' असे दोन तुकडे हातात येतात. 'रेजेक्स' हे वेगळं पॅकेज टाका, त्यात शब्द अख्खा राहतो. आकड्यांची मात्र काळजी नको: 'बॅकस्लॅश डी'ला (आकड्यांची खूण) ४५ कळतो आणि मजकुराची संख्या करणारं 'इंट'ही तो सरळ वाचतो.

प्रश्न: 'काकाका'मध्ये 'काका' किती वेळा? 'काउंट' एक म्हणतो, माझा लूप दोन.

दोघंही बरोबर. 'काउंट' एकमेकांवर चढलेल्या जुळण्या मोजत नाही. तशा हव्या असतील तर 'फाइंड'ला दर वेळी सापडलेल्या जागेच्या एक घर पुढून सुरू करा, उणे एक, म्हणजे 'सापडलं नाही', येईपर्यंत.

प्रश्न: लूपमध्ये लूप फार हळू चालतो म्हणतात. केएमपी शिकू का?

मुलाखतीसाठी जरूर. साध्या पद्धतीत वाईटात वाईट वेळी मजकुराची लांबी गुणिले नमुन्याची लांबी इतक्या तुलना होतात. केएमपी, म्हणजे नुथ, मॉरिस आणि प्रॅट यांनी १९७७मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत नमुन्याचा तक्ता आधी बनतो, त्यामुळे मजकुरात कधीच मागे यावं लागत नाही. रोजच्या कामाला 'इन' आणि 'फाइंड' भरपूर झाले. नेहमीच्या पायथनमध्ये ते सी भाषेत लिहिलेले असतात. तुमचा हाताने लिहिलेला लूप त्यांना गाठणं कठीणच.