झाडावर चढून फांद्या छाटताना तोंडासाठी जाळी घ्यावी की पारदर्शक व्हायझर? किती दिवस चालतो?

तुम्ही लिहिलंय की छाटणीच्या कामावर नवीन लागलात, दोर-बेल्टवर चढता, आणि शेठ म्हणतात की हेल्मेटला बिजागरीने लावून तोंडावर ओढायची जाळी किंवा तसाच पारदर्शक व्हायझर, दोन्हीतलं एकच घेऊन देईन. जाळी मागा. आणि जाळीखाली घालायला पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे मजबूत पारदर्शक प्लास्टिकचा, चष्मा स्वतःच्या पैशाने आजच्या आज घ्या. दीडशे रुपयांच्या आतबाहेर मिळतो. जाळी आहे म्हणून चष्मा नको असं जो कोणी सांगेल, त्याचं ऐकू नका, मग तो शेठ असो, उस्ताद असो की सख्खा भाऊ.

सख्खा भाऊ म्हणालो, कारण मला ते माझ्या सख्ख्या भावानेच सांगितलं होतं.

आम्ही बडोद्याचे. वडील माळीकाम करायचे, आम्ही दोघे भाऊ छाटणीत आलो. दादाने पहिल्यांदा दोन जाळीचे व्हायझर आणले तेव्हा मला खरंच अभिमान वाटला होता. तोवर आमच्यातली पोरं तोंडाला गमछा बांधून नाहीतर बाइकचं हेल्मेट घालून चढायची. बाइकच्या हेल्मेटमध्ये वर बघता येत नाही आणि खालच्या माणसाची हाकही ऐकू येत नाही, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही, ते घालू नका. तर जाळी आली आणि दादाने चष्मे पेटीत टाकले. म्हणाला, आता जाळी आहे ना, चष्म्यावर घाम येतो, वाफ धरते, पोरं फांदी सोडून चष्मा पुसत बसतात. त्याचं घामाचं म्हणणं खोटं नव्हतं. मे महिन्यात इथे काय ऊन असतं ते बडोदेकरांना सांगायला नको.

२०१६ ची गोष्ट. वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस, होऊन दोन दिवस झाले होते. मांजलपूरकडच्या एका सोसायटीत कडुनिंबाची फांदी मोडून गच्चीवर लोंबत होती, पतंग काढायला पोरांनी बांबूने ओढली होती. उत्तरायणनंतर इथल्या प्रत्येक झाडात मांजा असतो. २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली, पण काच लावलेला सुती मांजाही तोंड कापायला पुरतो, आणि सावलीत तो दिसत नाही. मी वर सरकत होतो आणि एक दोरी हनुवटीच्या उंचीला आडवी ताणलेली होती. ती जाळीच्या खालच्या कडेला लागली, कर्र असा आवाज झाला. मी थांबलो, कोयत्याने तोडली आणि पुढे गेलो. जाळी नसती तर ओठ गेला असता.

वर पोचल्यावर हातकरवतीने कापायला घेतलं. फांदी डोक्याच्या वर होती, मान मागे टाकूनच कापावं लागत होतं. आता हे नीट समजून घ्या, कारण व्हायझर निवडताना हेच कोणी सांगत नाही. मान सरळ असते तेव्हा जाळी भिंतीसारखी समोर उभी असते. मान मागे टाकली की तीच जाळी तोंडावर आडवी होते, आणि आडवी जाळी म्हणजे चाळण. मोठ्या ढलप्या वर राहतात, बारीक भुसा पीठ चाळल्यासारखा सरळ डोळ्यांत उतरतो. मी चार-पाच वेळा पापण्या मिटल्या. मग उजव्या डोळ्यात काहीतरी टोचलं.

खाली उतरून चोळला. पहिली चूक. पाण्याने धुतला, बरं वाटलं. रात्री डोळा लाल झाला, तर दादा मेडिकलवरून थेंब घेऊन आला. त्याने प्रेमानेच आणले, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. दोन दिवसांत लाली उतरली आणि आम्ही कामावर गेलो. आठव्या दिवशी सकाळी आरशात बघतो तर बुबुळावर राखाडी-पांढरा ठिपका, आणि उजेड सहन होईना. डोळ्याच्या डॉक्टरांनी ठिपका खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला आणि विचारलं, लाकडाचं किंवा शेतातलं काही गेलं होतं का? बुरशी होती. झाडपाल्याच्या कुसळाने बुबुळाला ओरखडा पडतो आणि त्यातून बुरशी शिरते, आपल्याकडे शेतात राबणाऱ्यांना हे फार होतं. मेडिकलच्या थेंबात स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडने लाली आणि दुखणं दबतं, पण शरीराची लढाईही दबते आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. मग बुरशीवरचे नॅटामायसिनचे थेंब, सुरुवातीला दर तासाला, आई रात्री गजर लावून उठायची. डोळा वाचला. पण फूल पडलं ते पडलंच. रात्री समोरच्या गाडीचा दिवा मला आजही फुटलेला, पसरलेला दिसतो.

आणि दादा? दादा आजही म्हणतो की तू जाळी वर केली असशील. जाळी खाली असती तर काही गेलंच नसतं. दहा वर्षं होत आली, दिवाळीत, लग्नात, कुठेही विषय निघाला की तेच. म्हणून इथे लिहितो. तो व्हायझर मी फेकला नाही. त्याच्या डाव्या बिजागरीत गुलाबी मांजाचा बोटभर तुकडा अजून अडकलेला आहे, खालच्या कडेवर मांजाने काळा रंग खरवडून पडलेली तिरकी रेघ आहे, बिजागरीपासून हनुवटीपर्यंत. माझ्या ओठावर, गालावर ओरखडा नाही. दोरी हनुवटीच्या उंचीला होती. म्हणजे जाळी खालीच होती, आणि तशीच खाली ठेवून मी कापलं. जाळीने तिचं काम केलं. भुसा अडवणं हे तिचं काम नाहीच.

हे मी मनाचं सांगत नाही. युरोपात जाळीच्या व्हायझरचं मानक वेगळं होतं, ईएन १७३१, आणि चष्म्या-गॉगलचं वेगळं, ईएन १६६. आता दोन्ही आयएसओ १६३२१ या आंतरराष्ट्रीय मानकात आलीत, तरी जाळीसाठी त्यातही वेगळा भाग आहे. जाळी धूळ किंवा द्रव अडवते असा दावा करतच नाही. ईएन १६६ मध्ये चष्म्यावर 'एफ' छापलेलं असेल तर त्याचा अर्थ ६ मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने आदळली तरी तो टिकतो. आपल्याकडे डोळ्यांसाठी आयएस ५९८३ आहे, दुकानात तो आकडा आणि आयएसआयचा शिक्का बघा. नंबरचा चष्मा हा संरक्षणाचा चष्मा नाही. नंबर असेल तर त्याच्यावरून बसणारा मोठा घ्या.

चष्मा बाजूंनी आणि भुवईच्या वर बंद असलेला घ्या, कारण झाडावर कचरा वरूनच येतो. वाफेचा त्रास खरा आहे, पावसाळ्यात जास्त. आत वाफ न धरणारा लेप असलेला मिळतो, थोडा महाग पडतो, पण घ्या. आणि कपाळाला सुती पट्टी बांधा. दादाच्या घामाच्या तक्रारीला एवढंच उत्तर होतं, चष्मे पेटीत टाकायची गरज नव्हती.

मग पारदर्शक व्हायझर का नको? झाडावर तो वाफ धरतो, फांद्यांनी आठवड्याभरात ओरखडतो, ऊन त्याच्यावर चमकतं, आणि माणूस वैतागून तो वर करून ठेवतो. वर केलेला व्हायझर काहीच वाचवत नाही.

जे घ्याल ते हेल्मेट आणि बिजागरी एकाच कंपनीची घ्या. दुसरा व्हायझर बसवायला हेल्मेटला भोक पाडतात, ते करू नका, कवच तिथेच तडकतं. आणि हेल्मेट चढाईचं हवं, कारखान्याचं नको. कारखान्याच्या हेल्मेटचा हनुवटीचा पट्टा ईएन ३९७ प्रमाणे साधारण १५ ते २५ किलोच्या ओढीला मुद्दाम सुटतो, गळफास बसू नये म्हणून. चढाईच्या हेल्मेटचा, ईएन १२४९२ वाला, ५० किलोला टिकतो. पडताना हेल्मेट डोक्यावर राहिलं तरच जाळीही तोंडावर राहणार.

निगा. चष्मा शर्टाने कोरडा पुसू नका, कधीच. काचेवरचा भुसाच काच खरवडतो. आधी नळाखाली धरा, मग साबण लावून बोटांनी चोळा, मग जुन्या धुवट सुती धोतराच्या तुकड्याने टिपा. चीक लागला म्हणून पेट्रोल किंवा थिनर लावणारे मी रोज बघतो, मशीनचं पेट्रोल हाताशी असतं ना. पॉलिकार्बोनेटला त्याने केसासारख्या बारीक तडा जातात, बहुतेक दांडीच्या सांध्याजवळ, आणि पुढच्या ठोक्याला तिथेच तुटतो. जाळीला चीक लागला तर खोबरेल तेल चोळा, अर्ध्या तासाने जुना टूथब्रश आणि साबण. धुतली की झटकून सावलीत टांगा, ओली पेटीत टाकली तर पोलादी जाळी गंजते. टेम्पोच्या डॅशबोर्डवर काहीही ठेवू नका.

किती दिवस चालतो याचं एकच उत्तर नाही. संध्याकाळी सूर्याकडे पाठ न करता, थोडं तिरकं उभं राहून चष्म्यातून लांब बघा. दिसायला धुरकट वाटलं तर बदला, मग तो पंधरा दिवसांचा का असेना. जाळीची एक तार जरी तुटून आत वळली किंवा जाळी आत दबून चष्म्याला लागायला लागली, तर ती गेली. हेल्मेटच्या आतल्या बाजूला गोल चकती कोरलेली असते, बाण महिन्यावर आणि मधे वर्ष, ती बनवल्याची तारीख. किती वर्षं वापरायचं ते सोबतच्या कागदावर असतं, तो फेकू नका.

राहिलेलं दोन शब्दांत. थोर किंवा शेर, ही पांढऱ्या चिकाची झाडं, तोडायची असतील तर जाळी आणि चष्मा दोन्ही अपुरे, चारी बाजूंनी बंद गॉगल हवा, तो चीक डोळ्याला फार वाईट. फांद्या कुटायच्या मशीनजवळही गॉगलच. विजेच्या तारेजवळ पोलादी जाळी घालून जाऊ नका, खरं म्हणजे लाइन बंद झाल्याशिवाय जाऊच नका. आग्या मोहोळ दिसलं तर यातलं काहीच उपयोगाचं नाही, उतरा.

मी डॉक्टर नाही, पण एवढं सांगेन की डोळ्यात काही गेलं तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा, आणि दुसऱ्या दिवशीही खुपत असेल तर डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊन "लाकडाचं गेलंय" हे आपणहून सांगा. मेडिकलवरून थेंब आणू नका, घरच्यांनी आणले तरी घालू नका.

शेठ चष्म्याला नाही म्हणाले तर मजुरीतून कापून घ्या म्हणा. पावसाआधीची छाटणी मे अखेरीस जोरात असते, त्याच्या आधी दोन घ्या, एक डोळ्यावर आणि एक खिशात.