ब्लिट्झ खेळायला निघालास, तर

भाऊ, रविवारी जळगावला पहिलीच ब्लिट्झ, म्हणजे झटपट बुद्धिबळाची स्पर्धा ना? ओपनिंगची (सुरुवातीच्या चालींची) घोकंपट्टी राहू दे, आधी घड्याळाची सवय कर. ३ मिनिटं अधिक दर चालीला २ सेकंद, म्हणजे ६० चाली झाल्या तरी तुझ्या वाट्याला जेमतेम ५ मिनिटं. ज्या हातानं चाल, त्याच हातानं घड्याळ दाबायचं. किल्लेकोटही (राजा-हत्तीची एकत्र चाल) एकाच हातानं, आधी राजा.

समोरच्यानं शह न टाळता भलतंच खेळलं, तर स्वतःची चाल करण्याआधी घड्याळ थांबवून पंचांना सांग. पहिल्या चुकीला तुला १ मिनिट जादा मिळतं. मी एकदा भुसावळला संकोचून गप्प बसलो, डाव गेला.

वजीर गेला तरी डाव सोडू नकोस, समोरच्याचीही वेळ संपत असते. आणि दुपारी भरीत-पुरी बेतानंच हाण, नाहीतर पुढच्या फेरीत डुलक्या.