उन्हाळ्याची कमाई, बारा महिन्यांचा हप्ता

‘ताई, आम्ही नागपुरात मानेवाड्यात भाड्याने राहतो. मी धंतोलीतल्या एका दवाखान्यात रिसेप्शनला, पगार 18,000. मिस्टर कूलर दुरुस्त करतात. मार्च ते जून मिळून 1,60,000 सुटतात, बाकीचे आठ महिने पंखे-मिक्सर करून महिन्याला 7,000. भाडं, मुलाची फी धरून महिन्याचा खर्च 27,000. भासऱ्यांनी उमरेड रोडला प्लॉट घेतला, आता आमच्या मागे लागलेत. किंमत 12 लाख; 4 लाख आधी, बाकीचे 36 बिनव्याजी हप्ते. एफडी मोडली आणि आईने दिलेलं सोनं विकलं तर 4 लाख होतात. “दोघं कमावता, मंग काहून घाबरता?” म्हणतात. मिस्टरांना मात्र डिसेंबरात 60,000 चा माल भरून ठेवायचाय, तेव्हा मोटारी-पंप स्वस्त पडतात. काय करू?’

अगं, 8 लाखांचे 36 हप्ते म्हणजे महिन्याला 22,222. आता ऑगस्ट महिना डोळ्यांसमोर आण. बाहेर पाऊस, कूलर गच्चीवर झाकलेले. तुझे 18,000 आणि त्यांचे 7,000, मिळून 25,000. हप्ता गेला की उरले 2,778, आणि भाडं अजून द्यायचंच आहे. वर्षाचा हिशेब मांडला तरी तेच. तुमची मिळकत 4,32,000, खर्च 3,24,000, शिल्लक 1,08,000. हप्ते 2,66,664. यात घाबरण्या-न घाबरण्याचा प्रश्नच कुठे येतो? भासऱ्यांचा पगार दर महिन्याला येत असेल, तर त्यांना हे जमलं असेल. तुमचा पैसा नवतप्यात, म्हणजे भर उन्हाळ्यात येतो.

‘बिनव्याजी’चं म्हणशील, तर सगळी रक्कम एकदम दिली तर दर काय, एवढं प्लॉट विकणाऱ्याला विचारून बघ. दर उतरला की व्याज कुठे लपलं होतं ते दिसेल. पुढे कधी प्लॉट घ्यायचा झालाच, तर सातबारा, जमीन एनए म्हणजे बिनशेती असल्याचा कागद, मंजूर नकाशा आणि महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, नोंदणी नंबर आधी बघायचा. रेरात नोंद असलेल्या ले-आउटमध्ये करारनामा रजिस्टर केल्याशिवाय 10 टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही. इथे तर 12 तले 4 लाख आधीच मागताहेत! (माझाही एक प्लॉट आहे, असाच भिडेखातर घेतलेला. दरवर्षी बाभळी तोडायला माणूस पाठवते.)

यंदाच्या उन्हाळ्याचे घरखर्च जाऊन तुमच्याकडे 1,24,000 उरले असतील. पुढच्या आठ महिन्यांत दर महिन्याला 2,000 कमी पडतात, ते 16,000 आजच वेगळ्या खात्यात टाक. 60,000 मिस्टरांच्या मालाचे. ही गोष्ट तू पत्रात सगळ्यात शेवटी लिहिलीस, मी असते तर पहिल्या ओळीत लिहिली असती. एप्रिलमध्ये पंप मिळत नाही म्हणून गिऱ्हाईक परत जातं, ते थांबेल. उरलेल्या 48,000 पैकी जे खरोखर लागणार नाहीत, ते पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारी भविष्य निधीच्या खात्यात टाकता येतील. वर्षाला किमान 500 भरले की खातं चालू राहतं, कमाल मर्यादा दीड लाख, आणि एकदम जूनमध्ये भरले तरी चालतात. मात्र मुदत 15 वर्षांची, म्हणून मुलाच्या फीचे पैसे त्यात नको. बँकेची आरडी तुमच्या कामाची नाही, तिला दर महिन्याला पैसे लागतात. एफडी राहू दे, घरात कुणी आजारी पडलं तर तीच आहे. सोन्याला तर हातच लावू नकोस.

भासऱ्यांशी वाद नको. ‘भाऊजी, पावसाळ्यात हप्ता निघत नाही, कागदावर मांडून बघितलं,’ एवढंच सांग, आणि तो कागद खरंच पुढे ठेव. हे मिस्टरांनी बोललेलं बरं, भाऊ त्यांचा आहे.

आणि डिसेंबरात माल आला की ठेवणार कुठे, ते आत्ताच बघा. भाड्याच्या खोल्यांत मोटारींची खोकी रचायची, तर घरमालकाला आधी विचारलेलं बरं.