ठेकेदार नकाशे फुकट काढून देतोय, मग शाळेच्या इमारतीसाठी वेगळा सल्लागार कशाला?

फुकट काही नसतं हो. नकाशांचे पैसे त्याच्या दरांतच कुठेतरी मिसळलेले असतात. पण खरी अडचण ती नाही. ज्याचं पोट बांधकामावर आहे, तो "एवढं बांधायची गरज नाही" असं तुम्हाला कधीच सांगणार नाही.

मी एका शाळेच्या व्यवस्थापन समितीत आहे. आम्ही आठ खोल्या हव्यात असं धरूनच चाललो होतो. आमच्या आर्किटेक्ट बाईंनी मात्र जागा बघायच्या आधी वेळापत्रक मागितलं. कोणत्या तासाला कोणती खोली कोण वापरतं, याचा तक्ता आमच्याच लेखनिकाकडून भरून घेतला. तेव्हा कळलं, प्रयोगशाळा आणि चित्रकलेची खोली निम्मा आठवडा कुलूपबंद असते, आणि मधल्या सुट्टीत अख्खी शाळा एकाच जिन्यावर लोटते. शेवटी पाच खोल्या, दुसरा जिना आणि जास्तीची स्वच्छतागृहं असं ठरलं. त्यानंतर बाईंच्या फीबद्दल कोणी कुरकुर केली नाही. खजिनदारांनी केली, पण एकदाच.

'स्वतंत्र' या शब्दावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ठेकेदाराने सुचवलेला इंजिनिअर स्वतंत्र नव्हे. एखाद्या कंपनीच्या खिडक्या किंवा लाद्या खपवून कमिशन घेणाराही नव्हे, म्हणून "आमच्याशिवाय कोणाकडूनही पैसे घेत नाही" हे लेखी घ्या. फी एकूण खर्चाच्या टक्क्यांवर असेल, तर खर्च वाढला की फीही वाढते. नेमकी गरज काय, हे ठरवण्याच्या टप्प्यापुरती तरी ठरावीक रक्कम बोला.

कामावर देखरेख कोणाची, हेही आधीच ठरवा. 2016 च्या जानेवारीत एडिनबर्गमधल्या ऑक्सगँग्ज प्राथमिक शाळेची बाहेरची भिंत वादळात कोसळली. सुमारे 9 टन विटा खाली आल्या, सुदैवाने तेव्हा तिथे मुलं नव्हती. पुढे त्याच योजनेत बांधलेल्या 17 शाळा तपासणी-दुरुस्तीसाठी बंद ठेवाव्या लागल्या. भिंतीचे दोन थर एकमेकांना धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्या विटांच्या सांध्यात पुरेशा खोल रुतलेल्याच नव्हत्या. 2017 च्या चौकशी अहवालात प्राध्यापक जॉन कोल यांनी निकृष्ट कामाबरोबरच, ते तपासायला स्वतंत्र नजर नव्हती, यावरही बोट ठेवलं. गिलावा झाल्यावर भिंतीच्या आतलं कोणालाच दिसत नाही. म्हणून सळई बांधून झाली की काँक्रीट ओतण्याआधी तुमच्या माणसाने ती पाहून सही करायची, ही अट करारातच घाला. काँक्रीटच्या नमुना ठोकळ्यांची 28 दिवसांनी होणारी ताकदीची चाचणीही त्याच्याच देखत होऊ द्या.

नकाशे पक्के होण्याआधी मातीची तपासणी करून घ्या. पायाचा खर्च तिच्यावर ठरतो, आणि अंदाजपत्रक बहुतेक तिथेच कोलमडतं. निविदा अर्धवट नकाशांवर काढू नका, नाहीतर प्रत्येक राहून गेलेली गोष्ट 'जादा काम' म्हणून बिलात येते. परिमाणांची यादी, म्हणजे कोणतं काम किती याचा तक्ता, एकच असू द्या, सगळ्यांनी तिच्यावरच दर भरायचे, म्हणजे तुलना करता येते.

शाळा चालू असतानाच काम होणार असेल, तर ट्रक कोणत्या फाटकातून येणार, कुंपण कुठे, परीक्षेच्या दिवसांत कोणती कामं बंद, हे निविदेतच लिहा. आम्ही हे विसरलो होतो. सहामाहीचा गणिताचा पेपर मुलांनी ड्रिल मशीनच्या आवाजात सोडवला, कारण काम थांबवायचं तर ठेकेदार नुकसानभरपाई मागत होता.

बिलाचा काही हिस्सा राखून ठेवा आणि एक पावसाळा जाऊ द्या. आमच्या नव्या जिन्याची गच्ची पहिल्याच पावसात गळली. पैसे हातात होते म्हणून माणसं चार दिवसांत आली.