वॅगनआरच्या बॅटरीला सहा हजार लागतात का?

तुमचा प्रश्न असा: दर्यापूरजवळच्या गावात पेट्रोल वॅगनआर आहे, बॅटरी चार वर्षांची, सकाळी सेल्फ मारला की नुसतं टकटक वाजतं आणि गॅरेजवाला नव्या बॅटरीचे सहा हजार सांगतो. द्यायचे का?

भाऊ, एवढ्यात देऊ नका. साध्या पेट्रोल वॅगनआरला ३५ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे किती वीज साठते त्याचं माप) बॅटरी लागते. जुनी परत देऊन चांगल्या कंपनीची ३५ एएच साधारण साडेतीन ते पावणेपाच हजारांत मिळते. वॉरंटी जितकी लांब, तितकी किंमत वर. सहा हजार ही बहुधा डब्यावरची छापील किंमत असावी, आणि त्या किमतीला बॅटरी सहसा कोणी विकत नाही. गाडी सिग्नलवर आपोआप बंद-चालू होणारी असेल तर गोष्ट वेगळी. तिला ईएफबी, म्हणजे वारंवार सेल्फ मारणं सोसणारी मजबूत बॅटरी लागते, ती दीड-दोन हजारांनी महाग असते, आणि तिच्या जागी साधी लावली तर ती लवकर निकामी होते.

पण टकटक म्हणजे बॅटरी मेलीच, असं नाही. आधी बोनट उघडून टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली आहे का बघा. असेल तर दोन्ही क्लॅम्प १० नंबरच्या पान्यानं सोडा, काळी वायर आधी आणि लाल नंतर. उलट केलं आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी पडते, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून निघणारा हायड्रोजन त्यानं पेट घेऊ शकतो. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा टाकून भुकटी धुवा, क्लॅम्प आतून पॉलिश पेपरनं घासा, आधी लाल मग काळी आवळा, वरून व्हॅसलीन लावा. क्लॅम्प हातानं जरासुद्धा फिरायला नको. सेल्फ मारल्यावर एखादा क्लॅम्प गरम लागला तर दोष तिथंच आहे. नवा क्लॅम्प शंभर-दीडशेला येतो.

मग व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर लावा, स्वतःकडे नसेल तर मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे असतोच. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. रिकामी दिसली तरी लगेच भंगारात काढू नका. दुकानात शे-दीडशे रुपयांत सावकाश चार्ज करून घ्या, काही तास तशीच ठेवून पुन्हा मोजा. सेल्फ फिरताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर मात्र बॅटरी गेली. भरलेल्या बॅटरीनं गाडी सुरू झाली की इंजिन चालू ठेवून पुन्हा मोजा, १३.८ ते १४.४ हवेत. १३ च्या आसपासच अडकलं तर दोष अल्टरनेटरमध्ये, म्हणजे चालत्या इंजिनावर बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोत आहे, आणि नवी बॅटरीसुद्धा आठवड्याभरात उतरेल. १४.८ च्या वर गेलं तर व्होल्ट आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर बिघडलाय, तो बॅटरीतलं पाणी उकळून संपवतो. ही एक तपासणी न करता बॅटरी विकणाऱ्या मेकॅनिककडे मी तरी दुसऱ्यांदा जाणार नाही.

आपल्याकडे बॅटरी उन्हात मरते आणि पावसाळ्यात कळते. अकोला-अमरावतीकडच्या ४५ अंशांत बोनटखाली त्याहून कितीतरी जास्त तापतं. पाणी उडतं, आतल्या शिशाच्या जाळ्या गंजतात. उन्हाळ्यात इंजिन आधीच गरम असल्यानं सेल्फला जोर कमी लागतो, म्हणून दुखणं झाकून राहतं. तीन-चार वर्षं टिकली तर इथल्या हिशेबानं बॅटरी वसूल झाली म्हणायची. झाकणवाली बॅटरी असेल तर महिन्यातून एकदा पातळी बघून फक्त डिस्टिल वॉटर टाका, ॲसिड कधीच नाही. तुमचा भाग खारपाणपट्ट्यात, बोरचं पाणी टाकलं तर त्यातले क्षार प्लेटा खाऊन टाकतात. आरओचं पाणीही नको. गाडी फक्त बाजाराच्या दिवशी दोन-तीन किलोमीटर चालवत असाल तर सेल्फनं खर्चलेलं परत भरतच नाही. आठवड्यातून तीसेक किलोमीटरची एक फेरी हवी. आणि लोडशेडिंगमध्ये घरातला बल्ब या बॅटरीवर लावू नका. ती क्षणभर जोर देण्यासाठी बनवलेली असते, तासन्‌तास वापरायला नाही.

बॅटरी खरंच गेली असेल तर अकोल्याच्या आणि अमरावतीच्या दोन-तीन दुकानांत फोन लावून एकच वाक्य विचारा: ‘३५ एएच, जुनी देऊन, जीएसटी आणि फिटिंगसह हातात किती?’ २२ सप्टेंबर २०२५ पासून बॅटरीवर जीएसटी १८ टक्के आहे, कोणी अठ्ठावीस लावत असेल तर तो जुना दर आहे. जुनी बॅटरी नऊ-दहा किलोची, शिशाच्या भावानं तिचे पाच-सातशे तरी सुटायला हवेत. ‘तशीच ठेवून जा’ म्हणणारा तेवढे खिशात घालतो. जुन्या बॅटऱ्या गोळा करून रिसायकलिंगला पाठवणं ही नियमानं बॅटरी बनवणाऱ्या कंपनीची जबाबदारी आहे. गावात येऊन बसवायचे दोन-तीनशे वेगळे मागितले तर ते रास्त.

जुन्या बॅटरीचा फोटो सोबत ठेवा. मॉडेल नंबरच्या शेवटी एल किंवा आर असतं, म्हणजे प्लस कोणत्या बाजूला. उलटी आणली तर वायर पोचत नाही, आणि ओढून लावली की बोनटला घासून शॉर्ट होते. तयार झाल्याचा महिनाही बघा, तीन-चार महिन्यांहून जुना माल घेऊ नका.

वॉरंटीत लोक फसतात ते इथं. ‘५५ महिने’ लिहिलेलं असतं, पण फुकट बदलून मिळतात साधारण पहिले अडीच वर्षं. पुढे प्रो-राटा, म्हणजे नव्या बॅटरीवर सूट, तीही छापील किमतीवर. समजा छापील सहा हजार आणि सूट २० टक्के, तर ४८०० भरावे लागतात. तीच बॅटरी बाजारात साडेचार हजारांत मिळते, वर जुनीचे पैसेही मिळतात. म्हणून लांब वॉरंटीसाठी हजारभर जास्त मोजण्याआधी फुकट बदलून मिळण्याचे महिने किती, एवढंच विचारा. कार्डावर शिक्का, तारीख आणि गाडीचा नंबर तिथंच लिहून घ्या, पक्कं बिल नसेल तर क्लेम बसत नाही.