जुन्या नाट्यगृहांची नावं सारखी का बदलतात? आणि मुळात ती येतात कुठून?

पूर्वी नाट्यगृहाला अनेकदा आश्रयदात्याचं नाव मिळायचं, त्यामुळे आश्रयदाता बदलला की पाटीही बदलायची. लंडनचं 'ओल्ड व्हिक' १८१८मध्ये 'रॉयल कोबर्ग' म्हणून उघडलं, युवराजाचे जावई प्रिन्स लिओपोल्ड यांच्या घराण्यावरून. १८३३मध्ये त्याला गादीची वारस असलेल्या १४ वर्षांच्या व्हिक्टोरियाचं नाव दिलं. पुढे चालक बदलले, पाट्या बदलल्या, पण प्रेक्षक 'व्हिक'च म्हणत राहिले आणि अखेर लोकांच्या तोंडचं तेच नाव कायम झालं. मला ही गोष्ट फार आवडते.

काही नावं त्या जागेची आठवण असतात. मिलानच्या 'ला स्काला'तल्या 'स्काला'चा अर्थ जिना, म्हणून मलाही बरीच वर्षं वाटायचं की तिथे एखादा भव्य जिना असेल. खरं तर १७७८मध्ये ते उभं राहिलं सांता मारिया अला स्काला या चर्चच्या जागी, आणि चर्चला ते नाव मिळालं होतं 'देला स्काला' घराण्यातल्या, मिलानच्या सत्ताधीशाची पत्नी असलेल्या रेजिनामुळे. चर्च गेलं, रेजिनाच्या माहेरचं नाव मात्र टिकलं.

कधी कारण निव्वळ व्यवहाराचं असतं. लंडनमध्येच थेम्सकाठी शेक्सपिअरचं ग्लोब नव्यानं उभं राहत होतं. शहरात दोन ग्लोब नकोत, म्हणून १९९४मध्ये दुसऱ्या 'ग्लोब'ला अभिनेते जॉन गिलगुड यांचं नाव दिलं, तेही त्यांच्या हयातीत.

पण सगळेच बदल इतके निरागस नसतात, आणि मला खरं सांगायचंय ते पॅरिसबद्दल. १८९९मध्ये विख्यात फ्रेंच अभिनेत्री सारा बर्नहार्ट यांनी तिथलं एक नाट्यगृह चालवायला घेतलं, त्याला स्वतःचं नाव दिलं आणि त्याच वर्षी तिथे हॅम्लेटची भूमिका केली, एका बाईनं! १९१५मध्ये एक पाय कापावा लागला, तरी त्या काम करत राहिल्या. त्या गेल्या १९२३मध्ये. पुढे जर्मनांनी पॅरिस ताब्यात घेतलं तेव्हा, त्या ज्यू वंशाच्या होत्या एवढ्याच कारणावरून, त्यांचं नाव दर्शनी भागावरून उतरवलं गेलं. याला मी नामांतर म्हणणार नाही, हे पुसून टाकणं आहे. युद्धानंतर नाव परत आलं, १९६८मध्ये 'तेआत्र द ला व्हील' म्हणजे शहराचं नाट्यगृह झालं. २०२३मध्ये, त्यांच्या निधनाला शंभर वर्षं झाली त्या वर्षी, दुरुस्तीनंतर ते पुन्हा उघडलं. आता दोन्ही नावं एकत्र आहेत: तेआत्र द ला व्हील–सारा बर्नहार्ट.