स्लँट सिक्स घेतलीस, आता घाई करू नकोस

अभिनंदन! 1969 ची डॉज डार्ट गाडी, तीही 225 क्युबिक इंचांच्या, सहा सिलिंडरच्या स्लँट सिक्स इंजिनाची. 30 अंश कललेलं हे इंजिन सहजासहजी दगा देत नाही. मारतो तो गंज. म्हणून रंगाचा विचार आत्ता नको.

- आधी गालिचे उचलून तळाचा पत्रा बघ. मग पुढचे टॉर्शन बार (पिळले जाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्या) मागच्या टोकाला जिथे अडकतात, ती आडवी पट्टी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघ. तिथे पत्रा भुसभुशीत लागला तर गाडी चालवू नकोस.
- ब्रेक. नळ्या जुन्या असतील तर सरळ बदल.
- डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात! नवखे नेहमीच्या दिशेने जोर लावतात आणि स्टड (नट ज्यावर बसतो तो बोल्ट) तोडतात. (मीही तोडलाय, दोन.)
- किल्ली फिरवल्यावर सुरू होते, सोडली की बंद? लगेच कार्ब्युरेटर उघडू नकोस. बहुधा बॅलास्ट रेझिस्टर (इंजिन चालू असताना इग्निशन कॉइलकडे जाणारा करंट कमी करणारा भाग) गेलेला असतो. स्वस्त आहे, एक जादा डिकीत ठेव.

व्हॉल्व्हची टकटक ऐकू येईल, तेवढी चालते. ते सेटिंग पुढे कधीतरी. पोचे तर राहू देच, मला आवडतात.